दिनार, कागद आणि अदृश्य नाणे

खरे नाणे पारखण्याची जुनी रीत आपल्या भाषेने अजून जपून ठेवली आहे. भरवशाच्या माणसाला आपण 'बंदा रुपया' म्हणतो, आणि एखादी गोष्ट तपासून घ्यायची झाली, की ती 'वाजवून घ्यावी' असे सांगतो. फरशीवर टाकताच खणखणणारे नाणे एके काळी स्वतःच स्वतःची साक्ष देत असे. कागदाची नोट वाजत नाही. तरी तिच्यावर आपला संसार चालतो. आणि २००९ सालापासून जगात अवतरलेले 'बिटकॉइन' व त्याच्या जातीची इतर आभासी चलने तर वाजत नाहीत, दिसत नाहीत आणि हातातही येत नाहीत. अशा वस्तूला पैसा म्हणावे काय, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञ विचारतातच. इस्लामी धर्मशास्त्रात मात्र तो फार जुना आहे, आणि तेथे तो मुख्यतः नीतीचा प्रश्न म्हणून विचारला गेला आहे.

याचे कारण समजून घेतले पाहिजे. इस्लामी आचारधर्मात पैशाभोवती दोन मोठी बंधने उभी आहेत. पहिले जकातीचे. हा शब्द मराठीला परका नाही; शहराच्या नाक्यावर मालावर जो कर घेतला जाई, त्याला आपण जकातच म्हणत आलो. परंतु मूळ अर्थाने जकात म्हणजे, ज्याच्यापाशी ठराविक मर्यादेहून अधिक संपत्ती वर्षभर राहिली, त्याने तिचा चाळिसावा हिस्सा गरजूंना देणे. ही मर्यादा सोन्यात २० मिस्काल आणि चांदीत २०० दिरहम अशी सांगितली आहे. भारतात तिचा हिशेब ७.५ तोळे सोने किंवा ५२.५ तोळे चांदी असा करतात. हा हिस्सा देणाऱ्याच्या मर्जीवर सोडलेला नाही. तो गरिबाचा हक्क मानला आहे. दुसरे बंधन 'रिबा'चे. कर्जावर घेतलेले व्याज, किंवा एकाच जातीच्या वस्तूंच्या अदलाबदलीत उकळलेला वाढावा, असा रिबाचा अर्थ होतो, आणि तो सर्वस्वी निषिद्ध आहे. आता उघडच आहे, की अमुक वस्तू पैसा आहे की नाही याचा निर्णय लागल्याखेरीज तिच्यावर जकात कशी आकारावी आणि तिच्या उसनवारीत व्याज कशाला म्हणावे, हे ठरत नाही. निर्णय चुकला, तर एकीकडे गरिबाचा हिस्सा बुडतो आणि दुसरीकडे व्याजाला आडवाट मिळते.

पैगंबरांच्या एका प्रसिद्ध वचनात सहा वस्तूंची नावे येतात: सोने, चांदी, गहू, जव, खजूर आणि मीठ. यांतील एखादी वस्तू तिच्याच जातीच्या बदल्यात द्यायची, तर ती समान मापाने आणि जागच्या जागी द्यावी-घ्यावी, असा त्या वचनाचा आशय आहे. पुढच्या धर्मशास्त्र्यांना, म्हणजे फकीहांना, असा प्रश्न पडला, की सोन्याचांदीला हा नियम लागू झाला तो तिच्या कोणत्या गुणामुळे? हनफी पंथाने उत्तर दिले, की हे धातू तोलून दिले-घेतले जातात म्हणून. मालिकी व शाफिई पंथांनी म्हटले, की इतर वस्तूंचे मोल ठरविण्याचा गुण त्यांच्या अंगी आहे म्हणून. या गुणाला ते 'समनियत' असे नाव देतात. भारतातील बहुसंख्य मुसलमान हनफी आणि आपल्या कोकणातील मुसलमान शाफिई. तेव्हा ही दोन्ही मते आपल्या शेजारीच नांदत आलेली आहेत. वरवर पाहता हा शब्दच्छल वाटेल. परंतु पहिले उत्तर धरले, तर तोलला न जाता मोजला जाणारा कागद या नियमात बसतो की नाही, अशी शंका उरते. दुसरे धरले आणि मोल ठरविण्याचा गुण धातूबाहेरही संभवतो असे मानले, तर जे जे पैशाचे काम करील त्या सर्वांना नियम लागू होतो. पुढच्या हजारबाराशे वर्षांचा वाद या एका फाट्यावरून निघालेला आहे.

दिनार आणि दिरहम ही नावे तरी अरबस्तानात कुठे जन्मली? दिनार हे रोमन 'देनारियस'चे रूप, आणि दिरहम ग्रीक 'द्राख्मे'चे. त्याच ग्रीक शब्दातून आपल्याकडे 'द्रम्म' आला, आणि भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त १६ पणांचा एक द्रम्म म्हणून तो भेटतो. त्या कोष्टकाचा आरंभ २० कवड्यांच्या एका काकिणीने होतो, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. समुद्रातून आलेली कवडी केवळ लोकमान्यतेच्या बळावर पैसा झाली होती. पैगंबरांच्या काळी मक्केच्या बाजारात बायझंटाइन सोने आणि इराणी चांदी चालत असे. निव्वळ अरबी अक्षरांचा सोन्याचा दिनार उमय्या खलिफा अब्दुल मलिक याने पाडला, तो इ. स. ६९६-९७ च्या सुमारास. त्याच्या कितीतरी आधी खलिफा उमर यांच्या मनात उंटाच्या कातड्याचे दिरहम करावेत असे आले होते. परंतु असे केले तर उंटच शिल्लक उरणार नाहीत, असे कोणी सुचविल्यावर त्यांनी तो बेत सोडला, अशी नोंद इतिहासकार बलाजुरी याने केली आहे. यातील गंमत बाजूला ठेवली, तरी एक गोष्ट दिसते. कातड्याचे नाणे मुळातच अधर्म्य आहे, असा आक्षेप तेथे कोणी घेतला नाही. आक्षेप होता तो परिणामाचा. आठव्या शतकात मदिनेचे इमाम मालिक यांनीही असे मत दिले, की लोकांनी कातड्याला नाण्याचा मान दिलाच, तर त्याची सोन्याचांदीशी उधारीने अदलाबदल करणे आपणांस नापसंत राहील. म्हणजे वस्तू कातड्याची असली, तरी तिने पैशाची जागा घेताच पैशाची शिस्तही तिला लागावी.

या विचाराला तात्त्विक बैठक दिली ती इमाम गझाली यांनी. ११११ साली निवर्तलेल्या या थोर तत्त्वज्ञाने 'इह्या उलूमुद्दीन' या ग्रंथात पैशाला आरशाची उपमा दिली आहे. आरशाला स्वतःचा रंग नसतो, म्हणूनच तो सर्व रंग दाखवू शकतो. त्याचप्रमाणे पैशाला स्वतःचा उपयोग नसतो, म्हणूनच तो सर्व वस्तूंचे मोल दाखवितो. जो पैसा साठवून ठेवतो, तो जणू न्यायाधीशालाच कोठडीत डांबतो, असेही ते म्हणतात. पुढे इब्न तैमिया यांनी स्पष्ट सांगितले, की दिनार-दिरहमांची व्याख्या निसर्गाने केलेली नाही आणि धर्माज्ञेनेही केलेली नाही. ती लोकांच्या रूढीवर सोपविलेली आहे.

रूढीचा हा सिद्धांत उदार खरा, परंतु रूढी म्हणजे राजाचा हुकूम नव्हे, हा धडा इतिहासाने पुनःपुन्हा दिला. इराणचा मंगोल राजा गैखातू याने रिता खजिना भरण्यासाठी १२९४ साली तब्रीझ शहरात चीनच्या धर्तीवर 'चाव' नावाचे कागदी चलन काढले. दुकाने बंद पडली, बाजार ओस झाला, आणि सुमारे दोन महिन्यांत ते चलन मागे घ्यावे लागले. त्यानंतर पस्तीस-चाळीस वर्षांनी मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या मोलाने चालावीत म्हणून तांब्यापितळेची नाणी काढली. दिल्लीप्रमाणे आपल्या दौलताबादेच्या टाकसाळीतही ती पाडली गेली. सुलतानाच्या आज्ञेचे पालन करावे, असा उपदेशही त्यांच्यावर कोरलेला होता. पण उपदेशाने पितळेची चांदी होत नाही. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, आणि अखेर ती परत घेऊन सुलतानाला खजिन्यातील सोनेचांदी मोजावी लागली. पंधराव्या शतकाच्या आरंभी ईजिप्तमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा इतिहासकार मक्रीझी याने महागाईचे खापर केवळ नाईलच्या अपुऱ्या पुरावर फोडले नाही. राज्यकर्त्यांनी 'फुलूस' नावाची तांब्याची नाणी भरमसाट पाडली, हे त्याने एक प्रमुख कारण सांगितले, आणि सोने व चांदी हाच काय तो खरा पैसा, असा निष्कर्ष काढला.

नाणे कोसळले म्हणजे सर्वांत अधिक होरपळतो तो उधारीने बांधलेला माणूस. समजा, एकाने १०० फुलूस कर्जाऊ घेतले आणि फेडीच्या आधीच ते नाणे बाजारातून उठले. त्याने आता काय परत करावे? इमाम अबू हनीफा म्हणाले, तेवढीच नाणी. त्यांचे शिष्य अबू यूसुफ म्हणाले, कर्ज घेतल्या दिवशी त्यांचे जे मोल होते ते. दुसरे शिष्य मुहम्मद म्हणाले, नाणे चालत होते त्या शेवटच्या दिवशीचे मोल. गुरू एक आणि पंथही एक, तरी उत्तरे तीन. कारण प्रत्येक उत्तरात तोटा कोणाच्या तरी पदरात पडतो, आणि तो कोणाच्या पदरात पडणे न्याय्य, हाच खरा प्रश्न आहे. उस्मानी अमदानीत नाण्यांचे भाव सरकारी हुकमाने बदलू लागले, तेव्हा दमास्कसच्या इब्न आबिदीन यांनी या विषयावर एक स्वतंत्र प्रबंधच लिहिला. नुकसानीचा सारा भार एकाच पक्षावर पडू नये, हा त्यांच्या विवेचनाचा रोख होता.

एवढी पूर्वपीठिका ध्यानात घेतली, म्हणजे कागदी नोटेचा वाद सहज उलगडतो. हिंदुस्थानात सरकारी कागदी चलनाचा कायदा १८६१ साली झाला. नोट दाखवावी आणि चांदीचे रुपये मोजून घ्यावेत, असा तो काळ होता. म्हणून देवबंदचे मौलाना रशीद अहमद गंगोही यांच्यासारख्या विद्वानांनी नोट ही केवळ ऋणाची पावती मानली. हे मत तर्कशुद्ध होते, पण त्याची फळे अवघड होती. नोट ही पावती असेल, तर ती गरिबाच्या हाती दिल्याने जकात फिटत नाही. तो तिचे रुपये करून घेईल किंवा ती खर्च करील तेव्हाच ती फिटेल. त्याच न्यायाने नोटा देऊन सोने घेता येणार नाही, कारण सोन्याचांदीची अदलाबदल रोख झाली पाहिजे आणि पावती म्हणजे उधारी. उलट, बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांनी १९०६ साली मक्केत, तेथील विद्वानांच्या प्रश्नांना उत्तर म्हणून, एक अरबी ग्रंथ लिहून नोट ही पावती नसून स्वतःच मोल असलेला माल आहे आणि रूढीने ती पैसा झाली आहे, असे प्रतिपादले. त्यांच्या मते तिच्यावर जकात होती. परंतु कमीअधिक दर्शनी किमतीच्या नोटांची विक्री त्यांनी वर्ज्य मानली नाही. प्रश्न एकच होता. एका उत्तराने व्यवहार अडत होता, तर दुसऱ्याने वाढाव्याला फट राहत होती.

पुढे काळानेच पावतीवाद्यांचा आधार काढून घेतला. ब्रिटनने १९३१ साली सुवर्णपरिमाण सोडले, आणि १५ ऑगस्ट १९७१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन यांनी डॉलरचा सोन्याशी उरलेला दुवाही तोडला. आपल्या नोटेवर धारकाला तेवढे रुपये देण्याचे वचन आजही छापलेले असते. पण त्या वचनाच्या बदल्यात मिळतात ते तेवढेच दुसरे रुपये. ज्या पावतीमागे काहीच ठेवलेले नाही, तिला पावती तरी कसे म्हणावे? मक्केतील मुस्लिम वर्ल्ड लीगच्या फिकह परिषदेने १९८२ साली आणि इस्लामी राष्ट्रांच्या संघटनेच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने १९८६ साली अम्मान येथे निर्णय दिला, की कागदी चलन हा स्वतंत्र पैसा असून जकात व रिबा यांचे सोन्याचांदीचे सर्व नियम त्याला लागू आहेत. भारतातील इस्लामिक फिकह अकादमीची स्थापना १९८९ साली झाली. तिनेही आपल्या आरंभीच्या चर्चांत हा विषय घेतला आणि नोट हा पैसाच मानला. येथे एक सूक्ष्म गोष्ट पाहिली पाहिजे. या विद्वानांना कागदाचे प्रेम नव्हते. नोट पैसा नाही असे म्हटले असते, तर लक्षाधीशाच्या तिजोरीतील नोटांवर जकात का द्यावी आणि नोटांच्या कर्जावर व्याज का घेऊ नये, असे विचारण्यास लोक मोकळे झाले असते. ती वाट बंद करणे, हा त्या निर्णयाचा प्राण होता.

तथापि एक काटा राहिलाच. १९८८ साली कुवेत येथे त्याच आंतरराष्ट्रीय अकादमीने ठरविले, की चलनातील कर्ज तेवढ्याच आकड्याने फेडावे. महागाईच्या मानाने ते वाढवू नये. रिबाला वाव मिळू नये म्हणून हे योग्यच. परंतु चलनाचे मोल वर्षानुवर्षे घटत असेल, तर सावकाराचा नव्हे, पण मित्राला बिनव्याजी हातउसने देणाऱ्या भल्या माणसाचा तोटा होतो. म्हणूनच कागदी चलनावर मुळातून रुष्ट असलेला एक वर्ग पुन्हा सोन्याच्या दिनाराकडे वळला. मलेशियातील केलांतान राज्याने २०१० साली दिनार व दिरहम काढलेही. मात्र ते कायदेशीर चलन नसल्याचे तेथील मध्यवर्ती बँकेने स्पष्ट केले.

या पार्श्वभूमीवर आभासी चलन आले. सातोशी नाकामोतो या टोपणनावाने २००८ साली एक निबंध प्रसिद्ध झाला आणि जानेवारी २००९ मध्ये बिटकॉइन सुरू झाले. त्याची रचना आपल्या पेढीवरच्या रोजकीर्दीच्या उपमेने समजते. एकच रोजकीर्द हजारो ठिकाणी एकाच वेळी लिहिली जाते. प्रत्येक पानावर मागच्या पानाची सांकेतिक खूण असते, त्यामुळे जुन्या पानात केलेली खाडाखोड लपत नाही. नवे पान जोडण्याचा मान, एक अवघड आकडेमोड सर्वांआधी सोडविणाऱ्या संगणकाला मिळतो आणि त्याचे बक्षीस म्हणून नवी नाणी निर्माण होतात. हे बक्षीस सुमारे दर चार वर्षांनी निम्मे होत जाते. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या वर जाणार नाहीत. राजा नाही, टाकसाळ नाही, मर्जीनुसार छपाईही नाही. मक्रीझीला हे वर्णन ऐकविले असते, तर त्याने कान टवकारले असते.

असे असूनही अनेक धर्मपीठांनी त्याला नकार दिला. तुर्कस्तानच्या धर्मखात्याने २०१७ च्या अखेरीस आणि ईजिप्तच्या मुख्य मुफ्तींनी २०१८ च्या आरंभी प्रतिकूल मत दिले. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्याचा वापर निषिद्ध ठरविला. त्यांच्या कारणांत दोन जुने शब्द पुनःपुन्हा येतात: 'गरर', म्हणजे ज्यात काय मिळणार हेच धूसर आहे असा व्यवहार, आणि 'मैसिर', म्हणजे जुगार. जबाबदार कोण, हेही तेथे विचारले गेले; गैखातूचा कागद बुडाला तेव्हा निदान गैखातू होता! दुसऱ्या बाजूस, मलेशियाच्या रोखे आयोगाच्या शरिया सल्लागार मंडळाने २०२० साली, नोंदणीकृत बाजारांत अशा मालमत्तेचा व्यापार अनुज्ञेय मानला. आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीने २०१९ साली दुबई येथे अंतिम निर्णय न देता अधिक अभ्यासाची गरज सांगितली. इब्न तैमियांची रूढी आणि मक्रीझीचा अविश्वास पुन्हा एकदा समोरासमोर उभे आहेत.

या वादात मला निर्णायक वाटते ती जुनी कर्जाची कसोटी. नोव्हेंबर २०२० च्या मध्यास एका बिटकॉइनचा भाव सुमारे १६,००० डॉलर होता. २०२१ च्या त्याच सुमारास तो ६०,००० डॉलरच्या वर गेला. आणि २०२२ च्या नोव्हेंबरात पुन्हा १६,००० च्या आसपास उतरला. मुलीच्या शिक्षणासाठी कोणी २०२० साली एक नाणे उसने घेतले असते आणि 'तेवढेच परत' या नियमाने वर्षाने फेडले असते, तर एक पैसाही व्याज न देता तो चौपटीने नागवला गेला असता. त्यानंतरच्या वर्षी हीच गत देणाऱ्याची झाली असती. गझालींचा आरसा येथे स्वतःच रंग बदलतो; मग तो दुसऱ्याचा रंग काय दाखविणार? नाण्यांची संख्या मर्यादित असली, म्हणून त्यांचे मोल स्थिर राहते असे नाही.

परंतु एवढ्यावरून ते 'पैसा नाही' म्हणून हात झटकणेही धोक्याचे आहे. पैसा नसेल, तर तो निदान विक्रीसाठी राखलेला माल आहे. आणि व्यापारी मालावरही जकात आहेच. बाजारभावाने मोजून चाळिसावा हिस्सा द्यावा, असे म्हणणारे फकीह या दृष्टीने अधिक सावध वाटतात. त्याचप्रमाणे नाणी ठेव म्हणून घेऊन ठराविक वाढावा देऊ करणाऱ्या योजनांना नवे नाव दिल्याने जुना रिबा पालटत नाही. मे २०२२ मध्ये टेरा आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स कोसळले, तेव्हा अनेक सामान्य ठेवीदारांची पुंजी अडकली किंवा नाहीशी झाली; त्यांना धर्म विचारून कोणी वगळले नव्हते. भारतात या मालमत्तेच्या नफ्यावर २०२२ सालापासून ३० टक्के कर आहे. पण कर बसला म्हणून वस्तू कायदेशीर चलन होत नाही, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

इस्लामी धर्मशास्त्राचा हा दीर्घ वाद मुसलमानेतरांनाही उपयोगी पडावा असा आहे. नाणे कशाचे केले आहे, यावर तो फार काळ अडून राहिला नाही. कातडे, तांबे, कागद हे सारे त्याने विचारात घेतले. प्रत्येक वेळी त्याने शोध घेतला तो समोरच्या माणसाचा: हे नाणे घेणाऱ्याला उद्या त्याचे मोल मिळेल काय, कर्जदार अकारण बुडेल काय, आणि ज्याच्यापाशी कोणतेच नाणे नाही, त्या गरिबाचा चाळिसावा हिस्सा हिशेबातून निसटेल काय? उद्या आणखी एखादे नवे चलन येईल. त्याचे तंत्र जाणकारांनी समजावून सांगावे. परंतु हे तीन प्रश्न प्रत्येक सामान्य माणसाला विचारता येतात, आणि त्यांची उत्तरे मिळेपर्यंत आपली पुंजी त्यात न घालणे, हे शहाणपणाचे.